कोळशाने शेंदराला काय दिले? फ्लॉजिस्टन सिद्धांताची ओळख

मारुतीच्या मूर्तीला तेलात कालवून लावतात तो शेंदूर म्हणजे शिशाचे लाल भस्म. ही केशरी पूड कोळशाच्या भुकटीत मिसळून मुशीत चांगली तापवली, की हळूहळू तिचा रंग जातो आणि मुशीच्या तळाशी वितळलेल्या शिशाचा चकाकता गोळा जमतो. उलट, तेच शिसे उघड्या हवेत वितळवून ढवळत राहिले, तर त्याच्यावर आधी करडी साय धरते, पुढे तिची पिवळी पूड होते आणि ही पूड बेताच्या आचेवर बराच वेळ तापत ठेवली, की पुन्हा शेंदूर तयार होतो. (शिशाची धूळ आणि वाफ दोन्ही विषारी असल्यामुळे हा प्रयोग घरी कोणीही करू नये.) धातूचे भस्म आणि भस्माचा धातू ही ये-जा कारागिरांना शेकडो वर्षांपासून ठाऊक होती. ठाऊक नव्हते ते एवढेच, की हवेत तापताना शिशाचे नेमके काय होते आणि कोळसा त्या भस्माला असे काय देतो की त्याचा पुन्हा धातू व्हावा.

अठराव्या शतकातल्या युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिले होते. शिसे तापते तेव्हा त्यातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे तत्त्व निघून जाते आणि कोळसा तेच तत्त्व भस्माला परत देतो, असे ते म्हणत. हे उत्तर चूक होते. शाळेच्या पुस्तकात त्याला एखादे वाक्य मिळते आणि वाचणाऱ्याची समजूत होते, की त्या काळच्या लोकांना साधे वजनही करता येत नसावे. ही समजूत मला अन्यायाची वाटते. सुमारे ऐंशी वर्षे युरोपातील उत्तमोत्तम प्रयोगकर्ते या सिद्धांताच्या आधारे काम करत होते आणि त्यांनी लावलेले शोध आजही टिकून आहेत. म्हणून हा सिद्धांत का पडला हे पाहण्याआधी तो इतकी वर्षे उभा कसा राहिला, हे नीट समजून घेऊ.

त्याचे मूळ योहान योआखिम बेखर या जर्मन विद्वानाच्या लेखनात सापडते. १६६० च्या दशकात भूगर्भातील पदार्थांविषयी लिहिलेल्या ग्रंथात बेखरने असे मांडले, की खनिजे तीन प्रकारच्या ‘मातीं’ची बनलेली असतात आणि त्यांपैकी एक माती तेलकट, स्निग्ध असते; पदार्थ पेट घेतो तो तिच्यामुळे. पुढे हाले येथील विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकवणाऱ्या गेऑर्ग एर्न्स्ट श्टाल यांनी १७०३ मध्ये बेखरचा ग्रंथ स्वतःच्या विवेचनासह पुन्हा प्रसिद्ध केला आणि त्या स्निग्ध मातीला ‘फ्लॉजिस्टन’ हे नाव रूढ केले. ‘जळणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतलेले आहे. बेखरची कल्पना बरीचशी धूसर होती. तिला प्रयोगांशी जोडून कामाची केली ती श्टाल यांनी.

श्टाल यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जे जे जळते त्या प्रत्येकात फ्लॉजिस्टन असते आणि जळणे म्हणजे ते बाहेर पडणे. पाच किलो लाकूड चुलीत जळले की मागे मूठभर राख राहते, म्हणजे बाकीचे निघून गेले हे डोळ्यांना दिसतेच. दगडी कोळसा किंवा लोणारी कोळसा जवळजवळ पूर्ण जळतो आणि राख फार थोडी ठेवतो. तेव्हा कोळसा म्हणजे जवळजवळ निव्वळ फ्लॉजिस्टनच असले पाहिजे. धातूही तसाच, भस्म आणि फ्लॉजिस्टन मिळून झालेला. लोखंडाला गंज चढतो तेव्हा त्यातून फ्लॉजिस्टन अगदी सावकाश, ज्वाळेवाचून निघून जाते. खनिज आणि कोळसा भट्टीत एकत्र तापवले, की कोळशातले फ्लॉजिस्टन खनिजात शिरते आणि धातू मिळतो.

मग जळायला हवा का लागते? पेटत्या मेणबत्तीवर काचेचे भांडे पालथे घातले, की थोड्याच वेळात ती विझते. याचेही उत्तर तयार होते. फ्लॉजिस्टन बाहेर पडायचे तर त्याला सामावून घेणारे कोणीतरी हवे, आणि ते काम हवा करते. पाण्यात मीठ एका मर्यादेपर्यंतच विरघळते, तशी भांड्यातली हवा काही वेळाने फ्लॉजिस्टनने भरून जाते. आणखी घेण्याची तिची ताकद संपते आणि ज्योत थांबते. त्याच बंद हवेत प्राणी गुदमरतो, कारण श्वासावाटे तोही फ्लॉजिस्टनच बाहेर टाकत असतो. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने १७७१ मध्ये मेणबत्ती विझलेल्या हवेत पुदिन्याची फांदी ठेवली आणि काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळते असे त्याला आढळले. वनस्पतींनी हवेतले जादा फ्लॉजिस्टन शोषून घेतले, असा याचा अर्थ लागला.

आता या मांडणीचे मोल पाहा. चुलीतला जाळ, लोखंडावरचा गंज, छातीतला श्वास आणि भट्टीतून निघणारा धातू या वरवर काहीही संबंध नसलेल्या गोष्टी एकाच प्रक्रियेची रूपे आहेत, हे तिने एका सूत्रात सांगितले. ते सूत्र आजही खरे मानले जाते. फक्त दिशा उलटी झाली. ‘फ्लॉजिस्टन बाहेर पडले’ असे जिथे जिथे लिहिले आहे तिथे ‘ऑक्सिजन येऊन मिळाला’ असे वाचले आणि ‘फ्लॉजिस्टन मिळाले’ याच्या जागी ‘ऑक्सिजन निघून गेला’ असे वाचले, तर त्या काळचे बहुतेक सगळे प्रयोग आपल्याला सहज कळतात. जमाखर्चाच्या वहीत जमेची बाजू खर्चात आणि खर्चाची जमेत लिहिली गेली, तरी व्यवहार कोणाकोणात झाला हे मात्र बरोबर नोंदले जाते, तसेच हे होते.

अशी उलटी लिहिलेली वही पकडायची तर शिल्लक मोजावी लागते, आणि इथे शिल्लक म्हणजे वजन. शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमच्या फितीचा एक सोपा प्रयोग करून घेतात. फितीची सैलसर गुंडाळी झाकणाच्या मुशीत ठेवतात, मूस तराजूत तोलतात आणि मग बर्नरवर लालबुंद होईपर्यंत तापवतात. अधूनमधून झाकण चिमट्याने किंचित उचलायचे, म्हणजे आत हवा जाते. आणि लगेच खाली ठेवायचे, म्हणजे पांढरा धूर बाहेर निसटत नाही. गार झाल्यावर आत चिमटीत चुरडणारी पांढरी पूड असते. पाहताक्षणी वाटते, की भरीव धातूची ही राख नक्की हलकी भरणार. तराजू उलटे सांगतो. काहीही सांडले-उडाले नाही, तर २४ ग्रॅम मॅग्नेशियममागे पूड जवळजवळ ४० ग्रॅम भरायला हवी.

हे वजन वाढणे श्टाल यांच्या आधीपासून माहीत होते. कथील तापवल्यावर जड होते आणि हा जडपणा हवेतून येतो, असे फ्रान्समधल्या झाँ रे नावाच्या वैद्याने १६३० मध्येच लिहून ठेवले होते, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. रॉबर्ट बॉइल यानेही वजनवाढ पाहिली होती, मात्र ज्वाळेचे कण काचेतून आरपार जाऊन धातूत बसतात असा निष्कर्ष त्याने काढला. १७७२ साली गितों द मोर्व्हो या फ्लॉजिस्टनवादी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकेका धातूवर काळजीपूर्वक प्रयोग करून दाखवले, की भस्म होताना सगळेच धातू जड होतात. काही निघून गेले आणि वजन मात्र वाढले, हे कसे? फ्लॉजिस्टनला स्वभावतःच वर जाण्याची ओढ असल्यामुळे ते असेपर्यंत पदार्थ हलका राहतो, असे उत्तर काहींनी दिले. पाठ्यपुस्तके त्या ‘ऋण वजना’ची थट्टा करतात, पण ते उत्तर सर्वमान्य कधीच नव्हते. पुष्कळांच्या लेखी वजन हा पदार्थाच्या रंग, चकाकी, वितळणे, जळणे अशा अनेक गुणांपैकी एक गुण होता आणि बाकीचे सगळे नीट उलगडत असताना या एका गुणासाठी सगळी चौकट मोडावी असे त्यांना वाटत नव्हते. शिवाय जळताना जे वायू येतात-जातात ते पकडून तोलण्याची साधनेच शतकाच्या मध्यापर्यंत फार थोड्यांच्या हाती होती. अर्धी वही दिसतच नसेल, तर बेरीज जुळत नाही याचा दोष कोणाला द्यायचा?

ती अर्धी वही उघडली वायूंवरच्या प्रयोगांनी. वायू पाण्याखाली पालथ्या भांड्यात गोळा करण्याची पद्धत स्टीफन हेल्स याने रूढ केली होती. पुढे जोसेफ ब्लॅक याने १७५० च्या दशकात आजचा कार्बन डायऑक्साइड वेगळा ओळखला. हेन्री कॅव्हेंडिश याने १७६६ मध्ये धातूंवर आम्ल टाकून हायड्रोजन मिळवला. डॅनियल रदरफर्ड याने १७७२ मध्ये नायट्रोजनचे वर्णन केले. हे सगळे शोध फ्लॉजिस्टनच्याच भाषेत लिहिले गेले. नायट्रोजन म्हणजे फ्लॉजिस्टनने गच्च भरलेली हवा, कारण तिच्यात काहीच जळत नाही.

१ ऑगस्ट १७७४ रोजी प्रीस्टली इंग्लंडमधल्या काल्न गावाजवळच्या बोवुड हाउस येथे काम करत होता. त्याने बारा इंच व्यासाचे मोठे भिंग मिळवले होते. पाऱ्यावर पालथ्या घातलेल्या काचपात्रात त्याने पाऱ्याचे लाल भस्म ठेवले आणि भिंगातून सूर्यकिरण त्याच्यावर एकवटले. भस्मातून भराभर हवा निघाली आणि मागे चकचकीत पारा उरला. त्या हवेत मेणबत्ती धरली तेव्हा ज्योत विलक्षण जोराने जळू लागली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याने त्या हवेत एक उंदीर ठेवला. तेवढ्याच साध्या हवेत उंदीर पाव तास टिकला असता; इथे तो पुरा अर्धा तास राहिला, आणि बाहेर काढल्यावर मेल्यासारखा वाटलेला तो जीव विस्तवाजवळ धरताच पुन्हा हालचाल करू लागला. मग प्रीस्टलीने स्वतः ती हवा हुंगून पाहिली आणि नंतर काही वेळ छाती हलकी वाटत होती, असे लिहून ठेवले. हवा शुद्ध आहे याचा अर्थ त्याच्या लेखी एकच होता. तिच्यात फ्लॉजिस्टन अजिबात नसल्यामुळे ती ते हावरेपणाने ओढून घेते. म्हणून त्याने तिला ‘फ्लॉजिस्टनविरहित हवा’ म्हटले. स्वीडनमध्ये कार्ल शेले याने हाच वायू प्रीस्टलीच्याही आधी मिळवला होता, पण त्याचे पुस्तक १७७७ मध्ये प्रसिद्ध झाले. तोही फ्लॉजिस्टनवादीच होता.

या प्रयोगात एक गोष्ट फार अडचणीची होती. शेंदराला धातू व्हायला कोळसा लागतो. पाऱ्याचे लाल भस्म नुसत्या उष्णतेने पुन्हा पारा होते. कोळसा नाही, लाकूड नाही, तेल नाही. मग फ्लॉजिस्टन दिले कोणी? माझ्या मते संपूर्ण वादातले सर्वांत नेमके बोट इथे ठेवता येते. ऑक्टोबर १७७४ मध्ये प्रीस्टली पॅरिसला गेला असताना त्याने जेवणाच्या वेळी आपला प्रयोग आंत्वान लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला सांगितला.

लाव्हाझिएच्या मनात हा प्रश्न दोन वर्षे घोळत होता. गंधक आणि फॉस्फरस जळताना जड होतात असे त्याला आढळले होते आणि १ नोव्हेंबर १७७२ ची तशी नोंद त्याने विज्ञान अकादमीकडे मोहोरबंद पाकिटात ठेवायला दिली होती. पुढे त्याने काचेच्या बंद भांड्यात कथील घालून भांडे तोलले, तापवले आणि न उघडता पुन्हा तोलले. वजनात फरक नाही. याचा अर्थ बाहेरून ज्वाळेचे कण आत शिरले नव्हते. मग त्याने भांडे उघडले. हवा आवाज करत आत घुसली आणि आता वजन वाढले. बॉइलने आधी भांडे उघडले आणि मग तोलले होते. दोन कृतींचा क्रम बदलल्यामुळे उत्तर बदलले.

त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग मात्र पाऱ्याचा आहे. लांब, वाकड्या मानेच्या बकपात्रात त्याने ४ औंस पारा घेतला. पात्राची मान पाऱ्याच्या कुंडात पालथ्या घातलेल्या घंटाकृती भांड्यातल्या हवेत उघडत होती. आत एकूण ५० घन इंच हवा होती. पारा उकळायच्या बेतात राहील अशा आचेवर त्याने तो १२ दिवस सतत ठेवला. दुसऱ्या दिवशी पाऱ्याच्या पृष्ठभागावर लाल ठिपके दिसू लागले, चार-पाच दिवस ते वाढत गेले आणि मग वाढायचे थांबले. आच बंद करून सगळे गार केले तेव्हा हवा ४२ ते ४३ घन इंच उरली होती; तिच्यात मेणबत्ती विझत होती आणि प्राणी गुदमरत होते. वर तरंगणारे लाल भस्म वेचले, ते ४५ ग्रेन (ग्रेन हे वजनाचे जुने, अगदी लहान माप) भरले. हेच भस्म लहान पात्रात अधिक जोराने तापवल्यावर साडेएकेचाळीस ग्रेन पारा आणि ७ ते ८ घन इंच वायू मिळाला. हा वायू राहिलेल्या हवेत मिसळला, की पुन्हा नेहमीसारखी हवा तयार झाली. जितकी हवा नाहीशी झाली होती तितकीच भस्मातून परत निघाली. आजच्या अणुभारांवरून गणित केले, तर ४५ ग्रेन भस्मातून सुमारे ४१.७ ग्रेन पारा निघायला हवा. त्या काळच्या तराजूंवर लाव्हाझिए या आकड्याच्या किती जवळ पोहोचला होता हे पाहून मला प्रत्येक वेळी नवल वाटते.

शेंदराच्या मुशीकडे परत येऊ. लाव्हाझिएच्या हिशेबात कोळसा शेंदराला काहीच देत नाही. तो शेंदरातला ऑक्सिजन काढून घेतो आणि कार्बनचे वायू होऊन उडून जातो. पाऱ्याची ऑक्सिजनवरची पकड सैल असल्यामुळे त्याला काढून घेणारा कोणी लागत नाही, उष्णता पुरते.

तरीही वाद लगेच मिटला नाही, कारण फ्लॉजिस्टनवाद्यांकडे एक भक्कम पुरावा होता आणि लाव्हाझिएकडे त्याला उत्तर नव्हते. जस्त आम्लात टाकले, की हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि क्षार तयार होतो. जस्ताचे भस्म त्याच आम्लात टाकले तर तोच क्षार मिळतो, बुडबुडे मात्र येत नाहीत. म्हणजे जस्तात भस्माशिवाय जे जादा होते तेच हायड्रोजन होऊन बाहेर आले, असेच कोणीही म्हणेल. आणि रिचर्ड कर्वन या आयरिश रसायनशास्त्रज्ञासह अनेकांनी हायड्रोजन हेच फ्लॉजिस्टन मानले. १७८२ मध्ये प्रीस्टलीने पाण्यावर पालथ्या घातलेल्या भांड्यात हायड्रोजन भरला, त्यात शेंदूर ठेवला आणि भिंगाने तापवला. शेंदराचे शिसे झाले आणि भांड्यातला हायड्रोजन संपत जाऊन पाणी वर चढले. भस्माने फ्लॉजिस्टन पिऊन घेतले आणि धातू झाला, हे जणू डोळ्यांसमोर दिसले. या प्रयोगाने मीही त्या काळी निःशंकपणे फ्लॉजिस्टनच्या बाजूने गेलो असतो.

या कोड्याचे उत्तर पाण्यात होते. हायड्रोजन जाळल्यावर पाणी तयार होते, हे कॅव्हेंडिशच्या प्रयोगांतून पुढे आले. जून १७८३ मध्ये ही बातमी कळताच लाव्हाझिएने तो प्रयोग करून पाहिला आणि पाणी हे मूलद्रव्य नसून हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे, असे मांडले. पुढे तापलेल्या लोखंडी नळीतून पाणी सोडून त्याने ते फोडूनही दाखवले. आता सगळे उलगडले. जस्तावर आम्ल टाकल्यावर येणारा हायड्रोजन जस्तातून आलेला नसतो. लाव्हाझिएने तो पाण्यातून येतो असे म्हटले, आज आपण तो आम्लातून येतो असे म्हणतो. प्रीस्टलीच्या भांड्यातला हायड्रोजन शेंदरातल्या ऑक्सिजनला मिळून पाणी झाला होता. पण भांडे पाण्यावरच उभे असल्यामुळे ते चार थेंब कोणाच्या लक्षातच आले नाहीत.

पुढचे बदल भराभर झाले. १७८७ साली लाव्हाझिए, बर्थोले, फूर्क्रुआ आणि आता बाजू बदललेला गितों द मोर्व्हो यांनी मिळून पदार्थांची नवी नावे ठरवली. धातूंची भस्मे ‘ऑक्साइड’ झाली आणि फ्लॉजिस्टनला त्या भाषेत जागा उरली नाही. लाव्हाझिएची पत्नी मारी-आन हिने कर्वनच्या फ्लॉजिस्टनवरील निबंधाचे फ्रेंच भाषांतर केले आणि ते १७८८ मध्ये लाव्हाझिए व त्याच्या सहकाऱ्यांच्या खंडनासह प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी कर्वनने आपले मत सोडले.

लाव्हाझिएचेही सगळे बरोबर नव्हते. उष्णता हा ‘कॅलरिक’ नावाचा वजनरहित द्रव आहे असे तो मानत होता आणि ज्वाळेतली ऊब या द्रवातून येते असे सांगत होता. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, अशीही त्याची समजूत होती; म्हणून तर त्याने या वायूला ‘ऑक्सिजन’ हे ‘आम्ल निर्माण करणारा’ अशा अर्थाचे नाव दिले. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाही, हे पुढे हम्फ्री डेव्ही याने दाखवले. मराठीतला ‘प्राणवायू’ हा शब्द श्वासावरून आल्यामुळे या चुकीपासून दूर राहिला, याचे मला समाधान वाटते.

फ्लॉजिस्टनवाद्यांचे एक निरीक्षण मात्र नव्या रूपात परतले आहे. सगळ्या धातूंमध्ये काहीतरी समान असते, ते गमावले की धातूपणा जातो आणि परत मिळाले की चकाकी येते, असे ते म्हणत. आज आपण सांगतो, की धातूचे भस्म होताना त्याचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात आणि भस्माचा धातू होताना ते परत मिळवतात. इलेक्ट्रॉन म्हणजे फ्लॉजिस्टन नव्हे. पण देवाणघेवाण आहे ही खूण त्यांना बरोबर पटली होती.

प्रीस्टलीने मात्र शेवटपर्यंत मत बदलले नाही. त्याच्या धार्मिक आणि राजकीय मतांमुळे १७९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या दंगलखोरांनी त्याचे घर आणि प्रयोगशाळा जाळली. १७९४ मध्ये, ज्या वर्षी मे महिन्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला त्याच वर्षी, तो अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधल्या नॉर्दम्बरलंड या गावी जाऊन राहिला. तिथे त्याने पुन्हा प्रयोगशाळा उभी केली, १८०० साली फ्लॉजिस्टनच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला आणि १८०४ मध्ये त्याचे निधन झाले. १ ऑगस्ट १८७४ रोजी, भिंगाखालच्या त्या प्रयोगाला शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ याच नॉर्दम्बरलंडला जमले होते.